एकोणीसशे वर्षांचं सुतक

श्रावण शुद्ध नवमीला मी जेवत नाही. पाणीसुद्धा पीत नाही. सुना विचारतात, "आई, हे कोणतं व्रत?" शेजारीण पंचांग काढून बसते आणि त्या तिथीला काहीच सापडत नाही म्हणून माझ्याकडे संशयाने बघते. मी सांगत नाही. सांगायला लागले की माझा आवाज चढतो, आणि मग सगळे मिळून मलाच गप्प करतात. आज घरात कोणी नाही, म्हणून लिहून टाकते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमचा मळा मेहकरच्या खालच्या अंगाला, पैनगंगेकडे. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, कुंपणावर वाल. घरात दोन भाऊ, चूल एक आणि तोंड एक. ते तोंड माझ्या बापाच्या थोरल्या भावाचं. त्याला आम्ही मोठेबाबा म्हणायचो. जन्मभर मी त्याला अहो-जाहो केलं, आता करणार नाही. माझा बाप चांगला माणूस होता, पण "दादा म्हनते तसं" यापलीकडे त्याला वाक्य येत नव्हतं.

विहिरीच्या पलीकडे आमच्या दोन खोल्या होत्या. पूर्वी त्यांत कांदे भरायचे. सरकारी दवाखान्यात नर्सबाई बदलून आल्या, तेव्हा त्या खोल्या बाईंना राहायला दिल्या. बाई अलिबागकडच्या, विधवा, एकट्या. नेसणं आमच्यासारखं, बोलणं मराठीच पण कोकणातलं. जात विचारली तर म्हणाल्या, "आम्ही इस्राएल." इस्राएल म्हणजे यहुदी, हे मला फार पुढं कळलं; तेव्हा कोणालाच कळलं नाही. मुसलमान म्हणावं तर बाई नमाज पढत नाहीत, ख्रिस्ती म्हणावं तर मिशनच्या मडमेशी त्यांची ओळख नाही. शनिवारी मात्र चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं थंड खातात. झालं, गावानं नाव ठेवलं, शनवारी बाई. सरकारी माणूस म्हणून आमच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू द्यायचं, असं मोठ्या आईनं ठरवलं. मोठी आई म्हणजे मोठेबाबाची बायको. तिनं आयुष्यात ठरवलेली ती बहुधा पहिली गोष्ट. त्याला कारण होतं. वहिनीचं, म्हणजे तिच्या सुनेचं, पहिलं बाळंतपण जानेफळला माहेरी झालं आणि मूल गेलं. आता वहिनीला पुन्हा दिवस गेले होते. नर्सबाई अंगणात असताना सून माहेरी पाठवायची नाही, एवढं त्या बाईनं मनाशी धरलं होतं.

त्या साली मी चौथी पास झाले. पोरींची शाळा चौथीलाच संपायची. पुढं शिकायचं तर पोरांच्या शाळेत पाचवीत बसायचं, आणि तिथं इंग्रजी सुरू व्हायचं. हेडमास्तर तयार होते. मला एक छापील कागद दिला, घरच्या कर्त्याची सही घेऊन पोळ्याच्या आत आणायचा. मी तो कागद दोन पाट्यांच्या मधे दाबून ठेवला, घडी पडू नये म्हणून.

बापानं कागद बघितला आणि भावाकडे दिला. मोठेबाबानं तो उलटा-सुलटा केला.

"पाचवी शिकून काय करन हे पोट्टी? वांगे इंग्रजीत तोडाचे हाय का?"

सगळे हसले. बापही हसला. त्या हसण्याचा राग मला अजून आहे, मोठेबाबाच्या नकारापेक्षा जास्त. बाई दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन त्याला म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, सही करा. तो म्हणाला, "बाई, तुमी दवाखाना पाहा. मळा आमी पाह्यतो." बाई गेल्यावर तो बराच वेळ पायानं जमीन उकरत बसला. बाईमाणसानं येऊन आपल्याला सांगावं, हे त्याला टोचलं होतं. ते कुठंतरी काढायचंच होतं त्याला.

नागपंचमीच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. बाई माझ्या आईकडे आल्या आणि वाल मागितले, बियाण्याचे वाळलेले असले तरी चालतील म्हणाल्या. शिवाय केळीचं एक पान. आईनं विचारलं, "काय विशेष?"

"परवा आमचा बिरड्याचा सण."

सण म्हटल्यावर आई खूश. एवढी एकटी बाई, परक्या मुलखात, तिचा सण! आईनं ओंजळ-ओंजळ वाल दिले. बाईंनी ते भिजत घातले, मोड आणले. अष्टमीला दुपारी मीच त्यांच्या ओट्यावर बसून बिरड्यासाठी एकेक वाल सोलला. बोटं काळी पडली. आमच्याकडे वालाची शेंग खातात, पण मोड आणून एकेक दाणा सोलण्याचे लाड मी पहिल्यांदाच बघत होते. इतक्या खटपटीनं करतात म्हणजे सण मोठाच असणार, असं मी घरी येऊन सांगितलं.

नवमीला आईनं पुरण घातलं. बाईंच्या सणासाठी, लक्षात घ्या. आमचं त्या दिवशी काही नव्हतं. ताटात चार पोळ्या, वर तूप, वर रुमाल, आणि मी ताट घेऊन निघाले. नागपंचमीच्या नव्या बांगड्या हातात होत्या.

दार लोटलेलं होतं. आत खिडकी बंद. बाई जमिनीवर बसलेल्या, सतरंजीसुद्धा नाही. केस विंचरलेले नाहीत, जुनेरं नेसलेलं. समोर एक पुस्तक होतं आणि त्या त्यातलं काहीतरी हळू सुरात म्हणत रडत होत्या. सांगायला गेलं तर साधी गोष्ट, पण मी मोठ्या माणसाला एकटं बसून रडताना तोवर बघितलं नव्हतं. आमच्याकडे बायका रडायच्या त्या चारचौघींत, गळ्यात गळे घालून.

"बाई, सनाची पोळी."

त्यांनी ताटाकडे बघितलं आणि भडकल्या. "घेऊन जा ते! आज पाणी पीत नाही मी, आणि पुरणपोळी कसली आणतेस?"

मीही भडकले. मला राग लवकर येतो, तो तेव्हापासूनचा. "तुमीच तं म्हनल्या सन हाय! सन म्हनून मायनं पुरन वाटलं!"

 बाई डोळे पुसून म्हणाल्या, "खरं आहे गो बाय. सण म्हणतो खरं. आमच्या बायका सगळ्यालाच सण म्हणतात. नव्याचा सण, बिरड्याचा सण. बिरडं काल खाल्लं, जमिनीवर बसून. आजचा दिवस उपासाचा. बस खाली."

मी ताट मांडीवर घेऊन बसले. त्या दिवशी त्यांनी मला यरुशलेम नावाच्या शहराचा वेढा सांगितला. मी मधेच विचारलं, हे जालन्याच्या पुढं आहे का. बाई म्हणाल्या, बरंच पुढं.

त्या शहरात त्यांचं देऊळ होतं, सगळ्या लोकांत मिळून एकच. सणाला गावोगावचे लोक तिथं यायचे. असं शहर माणसांनी गच्च भरलेलं असताना रोमन लोकांची फौज आली आणि शहराभोवती बसली. पुढं त्यांनी तटाच्या बाहेर दुसरी भिंत घातली, आतलं कुत्रंही बाहेर पडू नये म्हणून. आत दाणा होता. काही वर्षं पुरेल इतका होता म्हणतात.

"मंग?"

"जाळला."

"रोमन लोकायनं?"

"आमच्याच लोकांनी. आत तीन टोळ्या होत्या. एकमेकांचे गळे कापत होत्या. दुसऱ्याला मिळू नये म्हणून कोठारंच पेटवली."

हे मला जराही अवघड गेलं नाही. आदल्या उन्हाळ्यातच मोठेबाबानं शेजारच्या मळ्यात जाणारा सामाईक पाट रागानं बुजवला होता, आणि त्यापायी आमचेही वांग्याचे दोन वाफे वाळले होते. मी मान हलवली. बाई पुढं सांगत गेल्या. लोकांनी चामडं शिजवून खाल्लं. आई मुलाच्या तोंडातला घास काढून घ्यायला लागली. आणि आजच्या तिथीला देऊळ जळलं. त्याच्याही आधी, फार पूर्वी, दुसऱ्या एका राजानं असाच वेढा घालून पहिलं देऊळ जाळलं होतं, तेही याच तिथीला धरतात. एकदा बांधलं, जळलं. परत बांधलं, परत जळलं. त्यानंतर बांधलंच नाही.

"पन तुमी तं जित्या हा," मी म्हटलं. "तुमचे लोक कसे उरले?"

बाईंचा आवाज तेव्हा जरा बदलला. वेढा चालू असताना आत एक म्हातारा गुरुजी होता. पोथ्या शिकवायचा. आपल्याच टोळ्या कोणाला बाहेर जाऊ देत नव्हत्या, फक्त मढं तेवढं जाऊ देत. तेव्हा त्यानं मेल्याचं सोंग घेतलं. चेल्यांनी त्याला मढ्याच्या पेटीत घालून वेशीबाहेर नेलं. तिथून तो थेट शत्रूच्या सेनापतीपुढं उभा राहिला. सेनापती त्याच्यावर खूश झाला आणि म्हणाला, माग काय मागायचं ते.

"त्यानं शाळा मागितली," बाई म्हणाल्या. "एका लहानशा गावात काही पढलेले लोक होते. म्हणाला, त्यांना मारू नका, तिथं आम्हाला शिकवू द्या. बस."

मला इतका राग आला की ताटातलं तूप सांडलं. शाळा? शहर पेटलंय, माणसं चामडं खातायत, समोरचा माग म्हणतोय, आणि हा म्हातारा शाळा मागतो? "शहर काऊन नाय मांगलं त्यानं? मी असती तं शहर मांगलं असतं!"

"शहर दिलं नसतं त्यानं. त्यासाठीच आला होता तो." बाई म्हणाल्या, "देऊळ गेलं तेव्हा आता धर्म करायचा कसा, हेच कोणाला कळेना. सगळं तिथंच व्हायचं ना, नैवेद्य, दिवे, सगळं. त्या शाळेतल्या लोकांनी बसून ठरवलं, बिनदेवळाचं कसं जगायचं ते. काय म्हणायचं, काय खायचं, कुठला दिवस पाळायचा. ते पाठ करून लोक जगभर गेले. देऊळ काही उचलून नेता येत नाही, शनिवार नेता येतो. माझे आजे नागावला तेलाचा घाणा हाकायचे, ते शनिवारी बैल सोडून ठेवायचे."

"तुमचे आजे होते त्या वेढ्यात?"

"नाही गो. आमचे लोक त्याच्या आधीच गलबतात बसले म्हणतात. गलबत कोकणात फुटलं, सात बाया नि सात पुरुष वाचले, त्यांचे आम्ही."

"मंग तुमचं कोनीच नाय मेलं तिथं! मंग रडता काऊन?"

बाई म्हणाल्या, "तुझा पणजा मेला तेव्हा तू होतीस का?"

"नाय."

"त्याचं पान टाकता ना पितरांत?"

"हाव."

"तसंच समज."

मी समजले. फार हुशार ना मी, चौथीत पहिली आलेली. ताट घेऊन घरी आले. आई, मोठी आई, बाप, मोठेबाबा, सगळे ओसरीवर होते. आईनं पोळ्या तशाच परत आलेल्या बघितल्या आणि तिचं तोंड उतरलं. मला वाटलं, तिला वाईट वाटू नये. म्हणून मी सांगून टाकलं.

"माय, सन नाय तो. बाईले सुतक हाय."

"बापा! कोन गेलं?"

"गाव गेलं त्याइचं."

"कवा?"

"एकोनीसशे वर्सं झाले म्हने."

बाप हसला. मोठेबाबाही हसला, आणि मग हसता हसता थांबला. ते थांबणं मला आत्ताही दिसतं. पायाखालची उकरलेली जमीन त्याला आठवली असणार.

"फिटलं नाय ना सुतक अजून?" त्यानं मला विचारलं.

"नाय. दर साली धरते त्या."

"मंग झालं तं. घरात पोटुशी सून हाय. सुतक्या मानसाचा हात विहिरीले नोको." आणि बापाला, "काय बे, खरं का नाय?"

"दादा म्हनते तसं."

सुतकाशी त्याला काडीचं घेणंदेणं नव्हतं. हाच माणूस सख्ख्या चुलत्याच्या दहाव्याच्या आत बाजार करून आला होता. त्याला फक्त एक शब्द हवा होता, आणि तो मी ताटात घालून नेऊन दिला. पोळ्या परत आणल्या आणि शब्द वाढला.

त्यानं त्याच दिवशी विहिरीवरचा दोर काढून आत खुंटीला टांगला. बाई संध्याकाळी घागर घेऊन आल्या, रिकामा रहाट बघितला. मोठेबाबानं ओसरीवरूनच सांगितलं, "बाई, सुतक फिटू द्या, मंग या." बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना एका क्षणात कळलं की हे कुठून आलं.  घागर घेऊन नदीच्या वाटेला लागल्या. दिवसभर त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

मी त्या वेळी बोलू शकले असते. हे सुतक नाही, माझी चूक झाली, मी पोर आहे, मला काय कळतं, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण माझा कागद त्याच्याकडे होता. त्याला दुखवलं तर सही कायमची गेली, असा हिशेब मी अकरा वर्षांच्या डोक्यानं केला आणि तोंड शिवून बसले. म्हणजे ज्या पाचवीसाठी त्या बाईनं त्याच्याशी वाईटपणा घेतला, त्याच पाचवीसाठी मी तिला तहानेला सोडून दिलं. 

त्यानंतरचे सतरा-अठरा दिवस बाई रोज नदीवरून पाणी आणत होत्या. दवाखान्यातून आल्यावर दोन खेपा. श्रावणात पैनगंगेचं पाणी गढूळ, मातीचं. त्या तुरटी फिरवून ठेवायच्या. शनिवारी पाणी वाहायचं नाही म्हणून शुक्रवारी चार खेपा. नदीची वाट चढाची, चिखलाची. विहीर त्यांच्या दारापासून वीस पावलांवर. मी आमच्या ओसरीवरून बघायचे आणि मला बाईंचाच राग यायचा. भांडत का नाहीत? सरकारी बाई आहेत, तहसीलदाराकडे का जात नाहीत? आपण केलेलं झाकायला दुसऱ्याचा राग किती सोयीचा पडतो ते मला तेव्हा कळत नव्हतं. कागद मात्र मोठेबाबा हातात घेईना. "पाहू" म्हणायचा. पोळा जवळ येत होता.

पोळ्याला तीन दिवस उरले आणि सकाळीच वहिनीच्या पोटात दुखायला लागलं. सुईण आली. तिनं तेल चोळलं, बसवलं, उठवलं. दुपार झाली. मूल पायाकडून येत होतं. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "माझ्या हातचं नाय हे. शनवारी बाईले बोलवा." मोठेबाबा बैलांची शिंगं रंगवत होता. मान वर न करता म्हणाला, "सुतक्या मानसाले बाळंतिणीच्या खोलीत घेत नसते." आतून वहिनीचा आवाज येत होता आणि हा शिंगाला हिंगूळ लावत होता. कारण आता माघार घ्यायची म्हणजे सुतक खोटं होतं हे कबूल करायचं. त्यापेक्षा सून मेली तरी चालली असती. कोठार पेटवणारी माणसं कशी असतात ते मला कोणी शिकवायला नको, मी त्यांच्या पंगतीला जेवले आहे.

मोठी आई माजघरातून बाहेर आली. डोक्यावरचा पदर पडलेला. नवऱ्यासमोर तसं तिला कोणी कधी बघितलं नव्हतं. अंगण ओलांडून सरळ बाईंच्या दारात गेली. मी मागोमाग. बाई नुकत्याच दवाखान्यातून आल्या होत्या.

"बाई, सुतक तुमाले नाय," मोठी आई म्हणाली. "सुतक आमच्या घरी येऊन राह्यलं. चाला."

बाईंनी चपला घातल्या, पेटी उचलली. अंगणातून जाताना मोठेबाबाजवळ क्षणभर थांबल्या. "पाणी तापवायला सांगा. भरपूर. तुमच्या विहिरीचंच चालेल मला."

 दोर खुंटीवरून निघाला. माझ्या बापानं धावत जाऊन काढला, भावाला न विचारता, जन्मात एकदा.

ऊन कलायच्या आत मूल झालं. रडत नव्हतं, बाईंनी उलटं धरून पाठीवर चापट्या मारल्या तेव्हा रडलं. मुलगा होता. वहिनीही जगली. मुलगी झाली असती तर पुढचं घडलंच नसतं, हेही लिहून ठेवते, कारण मोठेबाबाला आनंद झाला तो नातवाचा. बाई हात धुऊन ओसरीवर आल्या तसा तो उठून उभा राहिला. पाव्हणेरावळे जमले होते, शेजारमळ्याचे लोकही होते. सगळ्यांच्या देखत त्याला मोठं व्हायचं होतं.

"बाई, मांगा. काय मांगाचं ते मांगा."

"द्याल?"

"मर्दाची जबान हाय."

 सगळ्यांना ठाऊक होतं त्या काय मागणार. मोठ्या आईनं तर दोराकडे बघितलंसुद्धा. मीही मनात म्हणत होते, मागा, विहीर मागा, एकदा मागा आणि मला मोकळं करा.

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिचा कागद आणा."

कोणालाच कळलं नाही. मला कळलं. शेवटी आईनं मला ढोसलं. मी मोठेबाबाच्या पगडीच्या कोनाड्यातून कागद आणला. त्यानं आजूबाजूला बघितलं. एवढे लोक. जबान दिलेली. दौत मागवली आणि मोडीत सही केली, सावकाश, वेलांट्या ओढत. अक्षर सुंदर होतं त्याचं. हे मला अजून सहन होत नाही.

बाई आपल्या खोलीकडे निघाल्या. मी कागद घेऊन मागे धावले. आभार मानायला नाही. भांडायला.

"विहीर काऊन नाय मांगली? हातात होतं तुमच्या! शहर हातात होतं, तुमी शाळा मांगून आल्या!"

बाईंच्या पदराला रक्त लागलेलं होतं. खूप थकल्या होत्या, आणि मला वाटतं, चिडल्याही होत्या. "मला तहान लागली तर नदी आहे," त्या म्हणाल्या. "तुला कुठं होतं जायला?"

आणि दार लावून घेतलं.

मी पाचवीत बसले. पुढं शिकले, मास्तरीण झाले, तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवला. पुस्तकात त्या वेढ्यावर एकच ओळ होती, रोमनांनी ते शहर जिंकून घेतले. मी दर वर्षी त्या ओळीवर दोन तास घ्यायचे आणि हेडमास्तरांची बोलणी खायचे. कोठारं कोणी जाळली हे मी पोरांना विचारायचे. सगळी पोरं सांगायची, शत्रूनं. मी फळ्यावर खडू आपटायचे.

मोठेबाबानं बारसं झाल्यावर दोर परत काढून ठेवला. विहीर बाईंनी मागितलीच नव्हती, मग द्यायची कशाला? जबान त्यानं पाळली होती. बाई दिवाळीनंतरही नदीवरूनच पाणी आणत राहिल्या. माघात त्यांची बदली झाली, अकोल्याच्या बाजूला. जाताना मोठ्या आईनं त्यांना पिशवीभर वाल बांधून दिले. पुढं कधीतरी ऐकलं की त्यांचे बरेच लोक परत त्या यरुशलेमकडे राहायला गेले. बाई गेल्या का, मला ठाऊक नाही. गेल्या असतील तर तिथली विहीर कोणाच्या दारात आहे, तिथं दोर कोण काढून ठेवतं, हेही ठाऊक नाही.

मोठेबाबाला मी खूप शिव्या देऊन झाल्या. बापालाही. पण नवमीचा उपास त्यांच्यासाठी नाही. पोळ्यानंतर माघापर्यंत, सहा महिने, मी रोज सकाळी दप्तर घेऊन शाळेला निघायचे आणि बाई घागर घेऊन नदीवरून चढत यायच्या. वाटेत गाठ पडायची. त्या विचारायच्या, "काल काय शिकवलं?" मी इंग्रजीतले नवे शब्द म्हणून दाखवायचे. वॉटर म्हणजे पाणी, हे मी त्यांना त्याच वाटेवर सांगितलं. खुंटीवरचा दोर माझ्या हाताला येत होता. एक घागर शेंदून त्यांच्या दारात ठेवायला मला घरात कोणीही मना केलं नव्हतं. मी कधी विचारलंच नाही, आणि एकही घागर ठेवली नाही.